कागदावरची खुर्ची कशाचीच नव्हती

पहिली खुर्ची मी एका रेषेत काढली. मागचा पाय जमिनीतून निघतो, वर जाता जाता पाठ होतो, पाठीच्या टोकाशी वळून हात होतो, आणि तोच हात पुढे येऊन खाली उतरला की पुढचा पाय. पेन्सिल एकदाही उचलली नव्हती. फर्निचर डिझाइनच्या वर्षभराच्या वर्गात आम्हाला काम एकच होतं: एक खुर्ची स्वतः आखायची आणि स्वतःच्या हातांनी उभी करायची. ते चित्र मी भिंतीवर लावलं आणि आठवडाभर येता-जाता त्याच्याकडे बघत राहिले. मापं अभ्यासून घेतली होती. बैठक ४४० मिलिमीटर उंच, मागे ४ अंश कललेली, पाठ बैठकीशी १०२ अंशांत.

वर्कशॉपमधल्या ज्येष्ठ सुतारांना सगळे काका म्हणत. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कशाची आहे?"

"लाकडाची करीन म्हणते."

"करशील ते पुढचं. आत्ता ही कशाची आहे?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी पाठ वळून हात होतो त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं लाकडाचे तंतू कुठून कुठं जातात ते काढून दाखव." मी पेन्सिल हातात घेतली आणि तशीच थांबले. रेषा वळत होती, पण तिच्या आत काहीच नव्हतं.

तरी मी फळी घेतली, चित्राची पूर्ण मापाची प्रत तिच्यावर चिकटवली आणि करवतीनं आकार कापून काढला. कापताना काही अडलं नाही. तुकडा सुंदर दिसत होता. कडा घासायला म्हणून तो शिकंज्यात धरला, जरा जोर लावला आणि कोपरा तुटला. मोठा आवाजही झाला नाही. खडू मोडावा तसा मोडला.

लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली मोळी. काड्यांच्या लांबीनं ओढा, दाबा, वाकवा, मोळी भार पेलते. पण आडव्या बाजूनं जोर आला की काड्या एकमेकींपासून सुटतात. फळीत सगळे तंतू एकाच दिशेनं धावत असतात. त्या फळीतून वळणदार आकार कापला, की वळणाच्या एखाद्या ठिकाणी तंतू आकाराला आडवे येतातच. तिथं जाडी ३० मिलिमीटर असली तरी तंतूची लांबीही तेवढीच, तीस मिलिमीटर. म्हणजे आखूड काड्या शेजारी शेजारी उभ्या करून त्यांना नुसतं चिकटवल्यासारखं. माझा कोपरा नेमका तिथंच गेला होता.

आता दोन वाटा होत्या. एक तर तिथली जाडी वाढवायची. ती मी कागदावर करून पाहिली आणि माझी रेषा खांबासारखी झाली. दुसरी वाट अशी, की लाकूड कापून वळण काढायचं नाही, लाकडालाच वळवायचं. मग तंतू वळणाबरोबर वळतात, तुटत नाहीत. मी दुसरी वाट धरली आणि वर्षातले पुढचे अडीच महिने त्यातच गेले.

वाफेची पेटी आम्ही प्लायवूडचीच केली. लांबट, एका टोकाला उकळत्या पाण्याच्या वाफेची नळी, दुसऱ्या टोकाला वाफ आणि पाणी निथळायला भोक. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या द्रव्यानं एकमेकांना धरून असतात. ओल आणि शंभर अंशांच्या आसपासची उष्णता मिळाली की ते मऊ पडतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. एक इंच जाडीला साधारण एक तास, असा सुतारांचा ठोकताळा आहे. माझ्या ॲश नावाच्या लाकडाच्या पट्ट्या २५ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे एक तास.

पहिली पट्टी साच्यावर वाकवली आणि तिची बाहेरची बाजू लांबच लांब ढलप्यांनी फाटली. का फाटली ते काकांनी फळ्यावर मांडून दाखवलं, आणि तो हिशेब मी अजून विसरलेले नाही. वाफवलेलं चांगलं लाकूड लांबीच्या दिशेनं पाव हिश्शापर्यंत दाबलं जाऊ शकतं, पण ताणलं जातं फार तर शेकडा एक-दोन. माझ्या वळणाची आतली त्रिज्या २५० मिलिमीटर आणि पट्टीची जाडी २५, म्हणजे बाहेरची २७५. वळण घेताना बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा शेकडा दहा लांब भरायला हवी. मोकळी पट्टी वाकवली की तो फरक निम्मा ताणून, निम्मा दाबून भरून निघायला बघतो. ताणणं त्या लाकडाच्या ताकदीबाहेरचं आहे, म्हणून ते फाटतं.

उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी लावायची, तिच्या दोन्ही टोकांना अडणी ठेवायची, आणि लाकूड त्या दोन अडणींमध्ये घट्ट बसवायचं. पोलाद लांबत नाही, त्यामुळे लाकडाची बाहेरची बाजूही लांबू शकत नाही. सगळा फरक आतल्या बाजूनं दबूनच भरावा लागतो, आणि दबणं लाकडाला जमतं. मायकेल थोनेट या फर्निचर कारखानदारानं बीच नावाच्या झाडाचं भरीव लाकूड याच रीतीनं वाकवलं आणि १८५९ मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली. जगातल्या कितीतरी उपाहारगृहांत ती अजून दिसते. मी तिच्यावर कितीदा तरी बसले असेन, पण ती पोलादाची पट्टी हातात धरेपर्यंत ती खुर्ची तशी का दिसते हे मला उमगलं नव्हतं. तिचा मागचा मोठा कमानीसारखा भाग, म्हणजे दोन पाय आणि पाठ, एकाच दांड्याचा आहे. वळणं मोठी आणि सैल आहेत, कुठंही टोकदार कोपरा नाही. आकार शोभेसाठी म्हणून आधी ठरवला आणि मग लाकडाला तसं वागायला लावलं, असं तिथं झालेलंच नाही.

दुसरी पट्टी पोलाद लावूनही मोडली, कारण ते लाकूड भट्टीत कडक वाळवलेलं होतं. भट्टीतल्या लाकडापेक्षा हवेवर सावकाश वाळलेलं, थोडी ओल धरून असलेलं लाकूड फार बरं वाकतं. तिसरी आणि चौथी मोडली त्याचं कारण समजायला वेळ लागला. काकांनी तुटलेला तुकडा उजेडात धरला. तंतू पट्टीच्या कडेशी समांतर नव्हते, तिरके धावत कडेतून बाहेर पडत होते. जिथं ते बाहेर पडत होते तिथूनच चीर सुरू झाली होती.

"करवत सरळ जाते," काका म्हणाले. "तंतू जातात तिकडं जात नाही. पाचर जाते."

मग आम्ही ओंडकाच आणला आणि त्यात पाचर ठोकून तो उभा फोडला. फोडलेली फाळकं वेडीवाकडी दिसत होती, पण प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होता. त्यांना रंधा मारून पट्ट्या काढल्या. वाया बरंच गेलं, त्याचं वाईटही वाटलं. पण पाचवी पट्टी वाकली.

तो क्षण मी सावकाश सांगते, कारण त्यासाठीच सगळा खटाटोप होता. पेटीचं दार उघडल्यापासून शेवटचा शिकंजा आवळेपर्यंत जेमतेम एक मिनिट असतं. दोघं जण लागतात, जाड हातमोजे लागतात. लाकूड बाहेर येतं तेव्हा त्याला ओल्या सालीसारखा वास असतो. पोलादी पट्टीत ते बसवलं, मधे एक शिकंजा लावला आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेगानं ओढायला लागलो. एरवी हातोडा आपटला तरी खण्णकन वाजणारं ते लाकूड हाताखाली जाड चामड्यासारखं वाकत गेलं. आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या पडल्या. दाब तिथं गेला होता ते डोळ्यांना दिसत होतं. मी आनंदानं ओरडले, आणि काकांनी शिकंज्यावरचा हात न काढता मान हलवली.

दहा दिवसांनी साचा सोडला तर पट्टी दोन बोटं उघडली. सुटल्यावर लाकूड थोडं परत फिरतंच. अडचण अशी, की प्रत्येक पट्टी वेगळी फिरते. उजवी आणि डावी जुळेना. तीनदा नव्या वाकवल्या तेव्हा कुठं जोडी मिळाली. तोपर्यंत भिंतीवरच्या चित्रातलं फारसं काही उरलं नव्हतं. कोपऱ्याची त्रिज्या नव्वद होती ती अडीचशे झाली होती. पाठ, हात आणि पुढचा पाय मिळून दोन मीटरहून लांब पट्टी लागत होती, ती आमच्या पेटीत मावत नव्हती आणि एका मिनिटात तिला तीन वळणं देणंही शक्य नव्हतं. माझी न तुटणारी रेषा मला तोडावी लागली. थोनेटनं ती सहा तुकड्यांत तोडली होती. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. आधी तो लाकडाचे पातळ थर गोंदानं चिकटवून वाकवायचा, पण बोटीनं दमट हवेच्या देशांत गेल्यावर ते थर सुटायला लागले, म्हणून तो भरीव लाकडाकडे आणि स्क्रूंकडे वळला. ही गोष्ट तेव्हा मी वहीत लिहून घेतली आणि पुढं विसरले. ती मला पुन्हा आठवायची होती.

एवढं झाल्यावर मनात आलं, की रेषाच हवी असेल तर पाइप का नको?

पाइपची खुर्ची मी खरं तर चिडून सुरू केली, आणि पहिल्याच दुपारी तिनं मला खूश केलं. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी पाइप, वाकवण्याच्या यंत्राचा दांडा ओढला की वळण तयार. उजवं-डावं तंतोतंत सारखं. वाफ नाही, वाट बघणं नाही. पहिला पाइप सव्वा मिलिमीटरपेक्षाही पातळ भिंतीचा होता, तो वळणावर चेपला. दोन मिलिमीटर भिंतीचा घेतला आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट ठेवली, म्हणजे ७५, तेव्हा वळण स्वच्छ आलं.

पोकळ पाइप भक्कम कसा, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. त्याचा हिशेब मी त्या रात्री केला. माझ्या पाइपचं मीटरला वजन साधारण १.१ किलो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती साडेतेरा मिलिमीटर व्यासाची होते. आणि वाकण्याला विरोध करण्याच्या बाबतीत पाइप त्या सळईच्या जवळजवळ सहापट ताठ असतो. पोलाद तेवढंच, फक्त ते मधून काढून कडेला नेऊन ठेवलेलं. डिझायनर मार्सेल ब्रॉयरनं १९२५ मध्ये सायकलच्या हँडलकडे बघून पाइपची खुर्ची केली असं सांगतात. मला वाटतं, सायकल चालवणाऱ्या कुणालाही हे हाताला माहीत असतंच, फक्त घरात आणून बघायला कुणी तरी लागतं.

मग पाइपनं माझ्या चित्रावरची दुसरी गोष्टही खोडून टाकली. मी मागचे पाय वाकवायला घेतले आणि थबकले. पाइपला मागच्या पायांची गरजच नव्हती. पुढून खाली उतरायचं, जमिनीवरून मागे जायचं, आडवं वळून परत पुढे यायचं. बसणाऱ्याचं वजन अधांतरी, आणि सगळा ताण पुढच्या वळणात. मार्ट स्टामनं १९२६ मध्ये गॅसचे पाइप आणि कोपरजोड जोडून अशी खुर्ची केली. मीस व्हान डेर रोहनं लगेच पुढच्या वर्षी पुढचं वळण मोठं अर्धगोल केलं, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी लवते. मी माझी तशी करून तिच्यावर बसले. किंचित खाली गेले, किंचित वर आले. लाकडाच्या खुर्चीनं मला असं कधीच झेललं नव्हतं. हेच मी भरीव लाकडात करायला गेले असते, तर पुढच्या कोपऱ्यातल्या जोडानं दम सोडला असता.

पण पाइप म्हणजे फक्त रेषा, आणि माणूस रेषेवर बसू शकत नाही. काहीतरी ताणून बसवावं लागतं. मी जाड कापड ताणलं. दोन आठवड्यांत ते झोळीसारखं सैल झालं आणि मांड्यांखाली पुढचा पाइप रुतायला लागला. ब्रॉयरनं १९२८ च्या खुर्चीत पाइपवर लाकडाची चौकट आणि तिच्यात वेताची जाळी बसवली, त्यामागं हेच असावं असं मला बसून बसून वाटायला लागलं. आणि सकाळी त्या पाइपला पाय लागला की तो थंडगार लागायचा. पोलाद अंगातली ऊब लाकडापेक्षा कितीतरी लवकर ओढून नेतं. फिनलंडच्या आल्वार आल्टोनं पाइमिओच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळासाठी खुर्ची केली तेव्हा पोलाद सोडून बर्च लाकडाच्या थरांकडे जाण्याचं हेही एक कारण होतं. दिवसाचे तासन् तास तिथं पडून राहणाऱ्या माणसाच्या कातडीला काय लागतं, याचा विचार मापांच्या तक्त्यात कुठंच सापडत नाही. माझ्याही तक्त्यात तो नव्हता.

प्लायवूडची बैठक मी केली ती त्या कापडाच्या जागी. यात फार दिवस घालवले नाहीत, पण एक गोष्ट कायमची समजली. एक मिलिमीटरचे नऊ थर, प्रत्येकाचे तंतू खालच्याला काटकोनात, मधे गोंद, आणि दोन साच्यांमध्ये दाबायचं. एका दिशेचं वळण सहज आलं. मग मी लोभानं ते दोन दिशांनी वळवायला गेले, बैठक मागे चढून पाठ होईल आणि कडेनंही वर उचलली जाईल असं. थर चुरगळले आणि जिथं दोन वळणं भेटतात तिथं तडे गेले. कागद चेंडूवर गुंडाळून बघा, तसंच. कागद एका बाजूनं वळतो. दोन्ही बाजूंनी वळायचं तर त्याला चुण्या पडाव्या लागतात किंवा फाटावं लागतं.

चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांना १९४० च्या एका स्पर्धेतल्या अखंड प्लायवूडच्या खुर्चीत हीच भिंत लागली होती. पुढं चार्ल्स आणि रे ईम्स यांनी युद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायच्या प्लायवूडच्या खपच्या केल्या. त्यांत नेमक्या जागी फटी ठेवल्या, म्हणजे चुणी पडायची ती जागाच काढून टाकली. आणि युद्धानंतरच्या खुर्चीत त्यांनी बैठक आणि पाठ सरळ वेगळी केली. मधली मोकळी जागा डोळ्यांना इतकी छान वाटते, की ती लाकडाच्या नकारातून आली आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. मी माझी बैठक पाठीपासून तोडली तेव्हा मला अजिबात हरल्यासारखं वाटलं नाही.

अखंड कवचासारखी खुर्ची त्यांना मिळाली ती १९५० मध्ये, काचतंतू आणि रेझिन नावाच्या, ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव्यात. त्यात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यांना एक अशी दिशा नसते. म्हणून ते कुठंही वळतं.

प्लास्टिकची खुर्ची स्वतः करणं मला शक्यच नव्हतं. तिचा पोलादी साचा करणं हा कारखान्याचा कारभार. म्हणून मी टाकून दिलेली एक एकसंध प्लास्टिकची खुर्ची आणली आणि करवतीनं उभी चिरली. हे कुणीही करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. वरून जी खुर्ची स्वस्तातली, विचार न करता केलेली वाटते, तिच्या कापात केवढा विचार दिसतो! जाडी सगळीकडे जवळपास सारखी, तीन-चार मिलिमीटर. कारण कुठं जाड कुठं पातळ असलं तर वितळलेलं प्लास्टिक थंड होताना वेगवेगळं आकसतं, खड्डे पडतात, अंग वेडंवाकडं होतं. मग जोर कुठून आणायचा? पाय भरीव नाहीत, ते कोपऱ्यासारखे घडी घातलेले आहेत. बैठकीची कड खाली दुमडलेली आहे. पाठीवरच्या फटी हवेसाठी आहेतच, पण त्यांच्या कडाही पाठीला ताठ करतात. आणि सगळ्या भिंती एका बाजूला किंचित तिरक्या, म्हणजे खुर्ची साच्यातून ओढून काढता यावी आणि एकात एक रचता याव्यात. त्या खुर्चीत एकही सुटा भाग नाही, एकही जोड नाही.

व्हेर्नर पँटनची वळणदार एकसंध खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली तेव्हा ती काचतंतूच्या पॉलिएस्टरची होती. नंतर ती पॉलियुरेथेनच्या टणक फेसाची झाली, मग वेगळ्या प्लास्टिकची. ते प्लास्टिक काही वर्षांत थकून तडकायला लागलं आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. १९९९ पासून ती पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिळते. आकार तोच, आणि तो पेलणारं द्रव्य शोधण्यात तीस वर्षांहून जास्त काळ गेला. एखाद्यानं आधी आकार काढला आणि द्रव्याची वाट बघितली, असंही होतं तर. काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे हे एक उत्तर होतं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "वाट बघायची तयारी असेल तर काढ."

माझ्याकडे तीन महिने उरले होते.

शेवटची खुर्ची मी लाकडाचीच केली. मागचे पाय आणि पाठ वाफेनं वाकवलेले, प्रत्येक बाजूला एकच सलग पट्टी. हात काढून टाकले. पुढचे पाय सरळ. प्लायवूडपासून शिकले म्हणून बैठक आणि पाठ वेगळी. आणि पाइपपासून शिकले म्हणून बैठकीवर काहीतरी ताणायचं ठरवलं, पण कापड नाही. पिळलेल्या कागदाची दोरी घेतली. हान्स वेग्नरच्या १९४९ च्या वाय आकाराच्या पाठीच्या खुर्चीवर अशी दोरी असते, एका बैठकीला सुमारे १२० मीटर. कागद म्हटल्यावर लोक दचकतात, मीही दचकले होते. पण घट्ट पिळ दिलेला कागद एकदा ताणून बसला की कापडासारखा सैल पडत नाही, आणि थोडा दबून अंगाचा आकार घेतो. चारही कडांवरून कोपऱ्याकडून मध्याकडे विणत जायचं, प्रत्येक वेढा हातोडीनं शेजारच्याला भिडवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली होती.

वेळ मात्र सगळ्यात जास्त गेला तो बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते त्या एका सांध्यावर. खुर्ची मोडते ती बहुतेक तिथंच. माणूस मागे रेलतो, कधी पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर झुलतो, आणि त्याचं सगळं वजन त्या सांध्याला उलगडायला बघतं. सांध्याच्या वरच्या कडेला ओढ, खालच्या कडेला दाब. या दोन कडांमधलं अंतर जितकं जास्त तितकी ही ओढ कमी. माझी पट्टी ३५ मिलिमीटर उंच होती, ती मी सांध्यापाशी ६० केली आणि पुढं निमुळती करत नेली. बाजूनं बघितलं की ती माशाच्या पाठीसारखी दिसते. मी ती सुंदर दिसावी म्हणून केलेली नाही, पण आता खुर्चीतलं मला सगळ्यात आवडतं ते तेच. झाँ प्रूव्हेनं १९३४ च्या आपल्या खुर्चीत हेच पोलादी पत्र्यात केलं आहे. पुढचे पाय साध्या पाइपचे, मागचे मात्र पत्रा दुमडून केलेले, बैठकीच्या उंचीवर रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. जोर कुठं येतो ते त्या खुर्चीवर लिहून ठेवल्यासारखं दिसतं.

सांध्याला पायात चौकोनी भोक पाडलं आणि पट्टीच्या टोकाला त्यात हातानं ठोकून बसेल अशी जीभ काढली. पटाशी चालवताना काका शेजारी उभे होते. गोंद लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरसाचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचं, भांडं पुढं केलं. मी डबीतला पांढरा गोंद घेतला. तो मला जास्त भक्कम वाटत होता, तापवावा लागत नाही, घाण वास येत नाही. काकांनी भांडं परत शेगडीवर ठेवलं, काही बोलले नाहीत.

खुर्ची झाली. वजन साडेतीन किलो. एका हातानं उचलता येते, याचा मला फार आनंद झाला. जिओ पोंतीची १९५७ ची ॲशच्या लाकडाची खुर्ची १.७ किलोचीच आहे, पाय त्रिकोणी छेदाचे आणि १८ मिलिमीटरचे. तिथपर्यंत पोचायला सांध्यावर किती हुकमत लागत असेल ते मला आता कळतं.

मी रोज तिच्यावर बसून काम करायला लागले. आठव्या महिन्यात, हवा दमट होऊन पुन्हा कोरडी झाल्यावर, ती कुरकुरायला लागली. मागचा डावा सांधा. लाकूड ओल घेऊन फुगतं ते तंतूंच्या आडव्या दिशेनं, लांबीनं जवळजवळ नाही. पायातले तंतू उभे आणि जिभेतले आडवे, म्हणजे एका भोकात दोन लाकडं दोन वेगळ्या दिशांना फुगतात. फुगताना जीभ भोकाच्या भिंतीवर दाबली जाते, तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर ती पूर्वीपेक्षा बारीक होऊन बसते. वहीत लिहिलेली दमट हवेची गोष्ट मला तेव्हा आठवली.

सांधा रबरी हातोडीनं सोडवला. अर्धा गोंद जिभेवर, अर्धा भोकात, काचेसारखा घट्ट. त्याच्यावर नवा गोंद धरत नाही, तो पूर्ण खरवडून लाकूड उघडं करावं लागतं, आणि खरवडताना थोडं लाकूड जातंच. म्हणजे जीभ आणखी सैल. दोन संध्याकाळी पटाशीच्या टोकानं मी तेच करत होते. सरस असता तर गरम पाण्याच्या फडक्यानं सुटला असता, आणि नवा सरस जुन्यावरही धरला असता. वाद्यं दुरुस्त करणारे अजून तो वापरतात ते यासाठीच. सांधा कधीतरी उघडावा लागणार हे ते आधीच धरून चालतात.

मी काकांकडे गेले. त्यांनी जिभेच्या दोन्ही बाजूंना चिकटवायला ॲशचे पातळ काप काढून दिले. भांडं शेगडीवरच होतं.

डावा सांधा आता सरसाचा आहे, जरा पिवळसर दिसतो. उजवा अजून पांढऱ्या गोंदावर आहे. बसताना मी त्याचा आवाज ऐकते.